गुग्गुळ घ्या, पण गोळी का सोडली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी आपल्या आरोग्य पुरवणीत कोलेस्टेरॉलवरच्या आयुर्वेदिक उपायांचा एक लेख आला होता. त्यात मुख्य उपाय गुग्गुळ, म्हणजे एका झुडपाचा औषधी डिंक. आमच्या ह्यांनी तो कात्रीने नीट कापून डायरीत ठेवला. मला तो सापडला तेव्हा शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली होती. वाक्य असे होते की, हे उपाय नियमाने केले तर आयुष्यभर गोळ्या खाण्याची वेळ येत नाही.

डायरी सापडली त्याच खणात, बँकेच्या पासबुकांखाली, गोळ्यांच्या बारा पट्ट्या होत्या. एकाही पट्टीतली गोळी फोडलेली नव्हती. “अहो, हे काय?” म्हणून विचारले, तर म्हणाले, “सोडल्या. गुग्गुळ चालू आहे ना!”

ह्यांचे वय ७१. सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून रात्री झोपताना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, एक गोळी. तिच्या जोरावर एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ६५ च्या आसपास असायचे. स्टेंट बसलेल्या माणसाचे ते ७० च्या आत हवेच, जमल्यास ५५ च्याही आत आणावे, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. गोळी बंद करून चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिले, संध्याकाळी रिपोर्ट आला. एलडीएल १४९.

मी रागावले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण राग ह्यांच्यावर धरून काय उपयोग? पिंढऱ्या दुखतात, गोळीने यकृत खराब होते असे कोणीतरी फिरायला जाताना सांगितलेले, आणि त्यात छापील कागदावर ‘गरज नाही’ असे आलेले. आमच्या पिढीचा छापील शब्दावर फार विश्वास आहे. म्हणून हे पत्र.

हे पत्र आयुर्वेदाच्या विरोधात नाही, हे आधी सांगते. मी बत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. लेखात ‘चरकांनी सांगितले आहे’ असे चार वेळा आले होते, म्हणून चरकसंहिता काढून बसले. सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय, अष्टौनिन्दितीय. त्यात अतिस्थूल माणसाचे वर्णन, त्याची कारणे आणि उपचार आहेत. कोलेस्टेरॉल हा शब्द अर्थातच तिथे नाही. चरक बोलतात ते मेदाबद्दल आणि स्थौल्याबद्दल. आणि मेद म्हणजेच कोलेस्टेरॉल, हे समीकरण आपण आपल्या सोयीने मांडलेले आहे. आमचे हे काडीसारखे बारीक आहेत. पोट नाही, वजन कधी ५८ किलोच्या वर गेले नाही, तरी रक्तवाहिनी तुंबली ती तुंबलीच.

पण त्याच अध्यायात एक शब्द मिळाला आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. स्थौल्याची कारणे सांगताना चरक अति खाणे, जड-गोड-स्निग्ध खाणे, व्यायाम न करणे, दिवसा झोपणे, कशाची चिंता न करणे अशी यादी देतात आणि शेवटी म्हणतात, ‘बीजस्वभावाच्च’. म्हणजे बीजाच्या स्वभावामुळे. आईबापांकडून आलेले. ह्यांचे वडील ४९ व्या वर्षी गेले, एक काका ५२ व्या. आपल्या लेखात हे कारणच नव्हते. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल साधारण अडीचशे माणसांत एकाला असते. अशा माणसाच्या यकृताला रक्तातले एलडीएल नीट उचलता येत नाही, मग त्याने कितीही पथ्य केले तरी आकडा हवा तेवढा खाली येत नाही. असल्या घरातल्या माणसाला ‘पथ्याने बरे व्हाल’ असे सांगणे म्हणजे वर्षे वाया घालवायला लावणे आहे.

लेखात रोज सकाळी गरम पाण्यात मध घालून प्यायला सांगितले होते. मध तापवू नये, उष्ण पदार्थाबरोबर घेऊ नये, हे चरकांनीच बजावून सांगितले आहे. त्यांच्या नावावर त्यांच्याच विरुद्ध सल्ला छापला गेला, आणि तो तपासावा असे कोणालाही वाटले नाही, याचे मला एक शिक्षिका म्हणून वाईट वाटते.

गुग्गुळाबद्दल मात्र लेखकाने अर्धे खरे लिहिले होते. सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन वाचून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. १९६६ सालची गोष्ट. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून गुगुलिपिड हे औषध तयार केले आणि भारतातल्या काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले. एवढे लेखात होते आणि वाचताना अभिमान वाटावा असेच ते आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी घेतली. काहींना गुगुलिपिड, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्के वाढले, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांचे ५ टक्के कमी झाले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. ही बाजू लेखात नव्हती. प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या गुग्गुळाबरोबर घेतल्या तर त्या रक्तात कमी उतरतात, हेही नव्हते. आमचे हे त्यातली एक घेतात.

(शिवाय कच्छ-राजस्थानच्या रखरखीत भागातले हे झुडूप आता अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. डिंक जास्त मिळावा म्हणून खोडाला खोल चिरा देतात आणि झाड वाळून जाते. रामबाण म्हणून छापताना याचाही विचार व्हावा.)

रिपोर्ट घेऊन आम्ही आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे आणि मग एका वृद्ध वैद्यांकडे गेलो. हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी त्याच रात्रीपासून सुरू करायला लावली. पिंढऱ्यांचे ऐकून घेतले, स्टॅटिन बदलून दिले आणि सांगितले की, दुखले तर मला फोन करा, खणात टाकू नका.

वैद्यांकडे जायची अट ह्यांची होती. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग चष्मा लावून रक्ताचा रिपोर्ट वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचला. पहिला प्रश्न, “थायरॉइड पाहिलंय का?” थायरॉइड मंदावले तरी एलडीएल चढते, ते मला तेव्हा कळले. दुसरे वाक्य, “गोळी बंद करायला मी सांगणार नाही.” ह्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे सांगितले ते मला अगदी चरकांच्या त्या अध्यायातून उचलल्यासारखे वाटले. तिथे एक सूत्र आहे, ‘गुरु चापतर्पणं चेष्टं स्थूलानां कर्शनं प्रति’. पचायला जड, पण शरीरात भर न घालणारे अन्न द्यावे, म्हणजे पोट भरते आणि मेद वाढत नाही. त्यासाठी चरक जव, मूग, कुळीथ आणि वरीसारखी तृणधान्ये सांगतात. वैद्य म्हणाले, “तुम्ही स्थूल नाही, तेव्हा उपास-लंघन अजिबात नको. पण एका वेळी जवाची भाकरी, मुगाचं किंवा कुळथाचं कढण. दुपारची झोप बंद. रात्रीचं जेवण दिवस मावळताना. आणि रोज पाऊण तास चाल.” गुग्गुळाचा डबा त्यांनी टेबलावर आपल्या बाजूला सरकवून घेतला. म्हणाले, “हा माझ्याकडे राहू दे.”

जवाचे कौतुक मला करावेसे वाटते, कारण इथे जुने आणि नवे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. जव आणि ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त बनवते. हा चिकट तंतू आतड्यात ते पित्त धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवे पित्त करायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेले तर एलडीएल ५ टक्क्यांच्या आसपास, कधी थोडे जास्त, उतरते. इसबगोलही असेच काम करतो, फक्त तो आणि इतर गोळ्या यांच्यात दोन-तीन तासांचे अंतर ठेवायचे. हा फायदा खरा आहे, मोजलेला आहे. पण १४९ चे ५ टक्के म्हणजे सात. १४९ वरून ७० च्या खाली यायला ऐंशी उतरावे लागतात, ते काम गोळीचे. एलडीएल साधारण ३९ ने उतरले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा धोका सुमारे एक-पंचमांशाने घटतो, इतका त्या आकड्याला अर्थ आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाचाही फार गवगवा होतो. पहिले स्टॅटिन अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाला सत्तरच्या दशकात एका बुरशीत सापडले. हजारो बुरश्या तपासून. ह्यांना हे सांगितले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी गोळीची पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

आता माझी तक्रार आणि मागणी. त्याच पुरवणीत, लेखाशेजारीच, हृदयातले ब्लॉकेज विरघळवणाऱ्या काढ्याची जाहिरात होती. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा काही ठरावीक आजारांवरच्या औषधांची अशी जाहिरात करायला मनाई करतो. त्या यादीत हृदयविकार आहे, रक्तवाहिन्या कठीण होणेही आहे. आणि मनाई फक्त काढा विकणाऱ्याला नाही, जाहिरात छापण्यात भाग घेणाऱ्यालाही आहे. आयुर्वेदावर जरूर लेख छापा, आम्ही ते आवडीने वाचतो. पण लेखकाला एक तरी प्रश्न विचारा की, ज्या वाचकाला स्टेंट आहे, ज्याच्या घरात बीजस्वभाव आहे, त्याने हे वाचून काय करावे? उत्तर ठळक अक्षरांत छापा. आणि उपाय कोणताही असो, सहा ते बारा आठवड्यांनी त्याची परीक्षा रक्ताच्या रिपोर्टातच व्हावी, जशी गोळीची होते.

गेल्या आठवड्यात ह्यांचा नवा रिपोर्ट आला. एलडीएल ६२. वैद्यांना फोन करून सांगितले, तर त्यांनी विचारले, “मुलीचं पाहिलंत का?” पाहिले नव्हते. ती ३४ वर्षांची आहे, सडपातळ आहे, रोज पळायला जाते. तिचे एलडीएल २०४ निघाले. पुढच्या सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेणार आहे.

कापून ठेवलेला तो लेख या पत्रासोबत परत पाठवत आहे. लाल रेघ ह्यांची आहे. त्याच पुरवणीत, त्याच जागी त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका