सर्व्हर सुरू, व्यवहार मात्र बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातील एका सौहार्द सहकारी संस्थेचा (कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था) संगणक विभाग मी गेली नऊ वर्षे सांभाळतो. आमच्यासारख्या काही संस्था आता एकाच सर्व्हरवर न विसंबता दोन सर्व्हर जोडून क्लस्टर, म्हणजे एक बंद पडला तर काम दुसऱ्यावर जाईल अशी जोडणी, बसवून घेतात. निर्णय योग्यच आहे. पण क्लस्टर बसवल्यावर त्यावर चालणाऱ्या कामावर लक्ष कोण आणि कसे ठेवते, हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत क्वचितच निघतो, म्हणून हे पत्र.

यंदा मृगाच्या पावसात वीज गेली आणि एका सर्व्हरचा यूपीएस बंद पडला. ठरल्याप्रमाणे आमचा बँकिंग प्रोग्राम मिनिटभरात दुसऱ्या सर्व्हरवर गेला आणि पडद्यावर त्याच्यापुढे 'ऑनलाइन' असा हिरवा शेरा उमटला. मी निश्चिंत झालो. पाठोपाठ निपाणी शाखेतून फोन आला की पैसे निघत नाहीत. पेरणीचे दिवस असल्याने बियाणे-खतासाठी पैसे काढायला सभासदांची रांग लागली होती, आणि पासबुक पावसात भिजू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेल्या एक आजी पावणेदोन तास बाकावर बसून होत्या. त्या पावणेदोन तासांत हिरवा शेरा एकदाही बदलला नाही.

कारण सापडले ते अगदी साधे होते. मार्चअखेरीस डेटाबेसचा पत्ता बदलला, तेव्हा तो पहिल्याच सर्व्हरवरील फाइलमध्ये दुरुस्त झाला आणि दुसऱ्यावर जुनाच राहिला. विंडोजच्या अशा क्लस्टरमध्ये ('फेलओव्हर क्लस्टर') असा प्रोग्राम बहुधा 'जेनेरिक सर्व्हिस', म्हणजे पडद्यामागे चालणारा सर्वसाधारण प्रोग्राम, म्हणून नोंदवतात. सेटिंग बदलले नसेल तर क्लस्टर दर 5 सेकंदांनी वरवरची आणि दर 60 सेकंदांनी जरा बारकाईची तपासणी करतो, पण या प्रकारात दोन्ही वेळा तो एवढेच पाहतो की सर्व्हिस चालू आहे की नाही. त्या सर्व्हिसला डेटाबेस सापडतो का, सभासदाची शिल्लक दिसते का, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. ती तपासणी आपणच लावावी लागते. आम्ही आता शाखेतल्याच एका संगणकावरून दर पाच मिनिटांनी चाचणी खात्याची शिल्लक विचारणारा छोटा प्रोग्राम ठेवला आहे. लागोपाठ दोनदा उत्तर आले नाही, तर माझ्यासह तिघांच्या मोबाइलवर संदेश जातो.

स्टोरेजची बाब याहून नाजूक आहे. दोन सर्व्हरांच्या डिस्कवर माहितीची एकेक प्रत ठेवण्याच्या पद्धतीत बंद पडलेला सर्व्हर परत सुरू झाला, तरी मधल्या वेळेत झालेल्या नोंदी त्याच्यावर उतरायला वेळ लागतो. ते काम संपेपर्यंत चालू राहिलेल्या दुसऱ्या सर्व्हरला हात लावायचा नाही, कारण पूर्ण प्रत तेव्हा एकट्या त्याच्याकडेच असते. त्या दिवशी वीज आल्यावर आमचा एक सहकारी उत्साहाच्या भरात तोही रिस्टार्ट करायला निघाला होता. फोनवर ओरडून मी त्याला थांबवले. चूक त्याची नव्हती, त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते. शिवाय दोनच सर्व्हर असले की, त्यांचा एकमेकांशी संपर्क तुटल्यावर कुणी चालू राहायचे हे ठरवायला 'विटनेस' म्हणून तिसरे मत लागते, आणि ते मत देणारा संगणक सर्व्हरच्याच यूपीएसवर असेल तर ऐन वेळी तोही जातो.

या सूचना आता आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून सर्व्हरच्या खोलीच्या दारावर चिकटवल्या आहेत. बेंगळुरूहून किंवा पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत रात्र उलटते, आणि तोवर जे काही करायचे ते इथल्याच माणसांना करावे लागते. म्हणून दर तिमाहीला सुट्टीच्या दिवशी आम्ही स्वतः प्रोग्राम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतो आणि शाखेत बसून पैसे जमा करून, काढून पाहतो.

लवकरच ठिकठिकाणच्या संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. नफा आणि लाभांशाबरोबर सभासदांनी एवढे जरूर विचारावे: दुसऱ्या सर्व्हरवर काम शेवटचे कधी चालवून पाहिले, आणि त्या दिवशी शाखेच्या खिडकीवर पैसे निघाले का?

आपला नम्र,
एक संगणक कर्मचारी, बेळगाव