सिमेंट कुठे लावावे, कुठे लावू नये

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. प्लास्टिकच्या मॉडेल किटमधल्या रणगाड्याच्या मऊ पट्ट्यांची टोके मॉडेल जोडायचे सिमेंट लावून रात्रभर चिमट्यात धरली तरी सकाळी ती सुटीच निघाली, असे तू लिहिले आहेस आणि याहून जोरकस गोंद कोणता, असे विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे, की गोंदाचा जोर हा मुद्दाच नाही. हातातला भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे हे आधी ठरवले, तर गोंदाची निवड बहुतेक वेळा आपोआप होते.

ज्याला आपण सिमेंट म्हणतो तो खऱ्या अर्थाने गोंद नव्हेच. अ‍ॅसिटोन, ब्यूटाइल अ‍ॅसिटेट यांसारख्या द्रावकांचे ते मिश्रण असते. ते पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा उरतच नाही, दोन्ही भाग एकजीव होतात. किटमधले बहुतेक भाग पॉलिस्टायरीनचे असतात म्हणून आपल्याला या द्रवाची इतकी सवय झाली आहे. मात्र जे प्लास्टिक त्यात विरघळत नाही, त्यावर ते बाटलीभर ओतले तरी काही उपयोग नाही. रंग दिलेल्या कडांवरही ते नीट काम करत नाही. तिथला रंग आधी खरवडून काढावा लागतो.

तेव्हा पहिले काम ओळखीचे. बऱ्याच किटमध्ये स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या, चौकटीवर पीएस (पॉलिस्टायरीन), एबीएस (आणखी एक कडक प्लास्टिक), पीई (पॉलिएथिलीन) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) अशी बारीक अक्षरे उठवलेली असतात. भाग कापण्याआधी ती भिंगातून पाहून घे. अक्षरे नसतील तर स्प्रूचा छोटा तुकडा पाण्यात टाक. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगतात, तर पॉलिस्टायरीन, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आधी मिसळ आणि तुकडा बोटाने एकदा पूर्ण खाली दाब, कारण हवेचे बुडबुडे चिकटले तर बुडणारा तुकडाही वर राहतो. बुडालेल्या तुकड्यावर, तो पुसून कोरडा केल्यावर, सिमेंटचा थेंब ठेवून अर्ध्या मिनिटाने सुईचे टोक टेकव. पॉलिस्टायरीन असेल तर चकाकी गेलेली दिसते आणि सुई उचलताना बारीक तार ओढली जाते. जाळून वास घेण्याची जुनी रीत मात्र सोडून दे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि तो फुप्फुसांना सोसत नाही.

एबीएसचे फारसे अवघड नाही. अ‍ॅसिटोन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) असलेल्या द्रावकात ते विरघळते, शिवाय त्याच्यासाठी वेगळे सिमेंटही मिळते. संत्र्याच्या वासाचे लिमोनिनवाले सिमेंट पॉलिस्टायरीनवर छान चालते, पण एबीएसवर त्याचा भरवसा धरू नकोस. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव: घट्ट बसवलेल्या, ताणाखालच्या एबीएसच्या सांध्यात इनॅमल रंग पातळ करायचा थिनर झिरपला, तर तो भाग नंतर तडकतो. भागावर कोरलेल्या रेषांमध्ये असा पातळ रंग सोडायचा असेल, तर तो भाग सुटा असतानाच सोडावा.

खरी डोकेदुखी तरंगणाऱ्यांची. जुन्या पद्धतीचे मऊ सैनिक, यंत्रमानवांच्या सांध्यांतल्या मऊ टोप्या आणि काही पट्ट्या पॉलिएथिलीनच्या असतात. त्याच्या पृष्ठभागावर गोंदाला धरायला जवळपास काहीच सापडत नाही, म्हणून गोंद पसरण्याऐवजी आखडून राहतो आणि वाळल्यावर नखाने सोलून निघतो. सुपरग्लूच्या कुप्या पॉलिएथिलीनच्या करतात, त्यामागेही हेच कारण आहे. सांध्यांतल्या टोप्यांच्या बाबतीत हा दोष नसून सोय आहे: आजूबाजूला सिमेंट लागले तरी सांधा फिरत राहावा म्हणूनच ते प्लास्टिक निवडलेले असते. त्यांना चिकटवायच्या भानगडीतच पडू नये. सैनिकाचा हात किंवा बंदूक जोडायची असेल, तर माझी पसंती पितळी तारेला आहे. दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडून तार बसवली, की भार तारेवर जातो आणि गोंदाला फक्त फट बुजवायची उरते. गोंदच वापरायचा असेल, तर पॉलिओलेफिनसाठी, म्हणजे पॉलिएथिलीन-पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकसाठी, मिळणारा प्रायमर आधी लावून, तो वाळू देऊन, मग सुपरग्लू लाव. नुसत्या पॉलिश पेपरने घासून काम भागत नाही. असे प्लास्टिक घासले की त्याची लव निघते.

तुझ्या पट्ट्या तरंगल्या, तर टोकाच्या खुंट्या भोकांतून पलीकडे काढून गरम केलेल्या जुन्या स्क्रूड्रायव्हरने चपट्या कर. पाते लाल होऊ देऊ नकोस, पॉलिएथिलीन त्याच्या कितीतरी आधी वितळते. पट्ट्या बुडाल्या, तर त्या बहुधा मऊ पीव्हीसीच्या असतील. तिथे उष्णता टाळून रबरमिश्रित काळा सुपरग्लू वापरावा, कारण साधा सुपरग्लू ठिसूळ असतो आणि पट्टी वाकली की सांधा कडकन सुटतो. दोन-चार टाके दोऱ्याने घालून ते चाकांवरच्या पत्र्याआड लपवले तरी चालते. मला तर तोच उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. काही नव्या किटमधल्या पट्ट्या साध्या सिमेंटनेही जुळतात, पण तसे माहितीपत्रकात लिहिलेले असते. मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारा पदार्थ, हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरीनला खातो, हेही विसरू नकोस. मोटारीचे टायर वर्षानुवर्षे बसून राहिले, की आतली चाके वितळल्यासारखी चिकट होतात ती यामुळेच. दोहोंच्या मध्ये धातूच्या पातळ वर्खाचा थर द्यावा.

विमानाच्या काचेच्या बाबतीत मी हट्टी आहे: तिथे सुपरग्लू आणायचाच नाही. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून आजूबाजूला पांढऱ्या भुकटीसारखी बसते आणि काच धुरकट होते. गंमत अशी, की १९४२ साली हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या पारदर्शक नेमयंत्रांसाठी प्लास्टिक शोधत असतानाच हा पदार्थ त्यांच्या हाती लागला होता. काचेला पांढरा पीव्हीए गोंद पुरे. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या कापडाने पुसता येतो. काचेवर भार पडत नसल्यामुळे त्याची कमी ताकद आड येत नाही.

रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या पॉलियुरेथेनच्या, भागांवर सिमेंटचा काहीही परिणाम होत नाही, कारण एकदा घट्ट झालेले पॉलियुरेथेन विरघळत नाही. ते भाग आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन साच्याचा तेलकटपणा घालव. मग लहान भागांना सुपरग्लू आणि जड भागांना दोन नळ्यांतले इपॉक्सी लाव. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी पाच मिनिटांत पूर्ण ताकदीला येत नाही, तेव्हा जड बुरूज दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नकोस. सांडलेला सुपरग्लू कापसाने किंवा सुती चिंधीने टिपू नकोस. कापसाशी त्याची प्रक्रिया इतकी उष्ण होते, की बोट भाजू शकते. खिडकी उघडी ठेव.

स्प्रूवर कोणती अक्षरे सापडली, ते कळव.

तुझा,
माधव