शिसपेन्सिल आणि इतर दुरुस्त्या

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या टेबलाचा खालचा खण आवरायला घेतला. वाळलेली स्केचपेनं, एक तुटकी पट्टी, आणि अगदी तळाशी पेन्सिलीचा तुकडा. जेमतेम दोन बोटं लांब. टोक शाबूत होतं, पण मागचं टोक इतकं चावलेलं की रंग उडून लाकडाच्या कुसळ्या निघाल्या होत्या. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, तर तुझ्या दातांचे खळगे अजून दिसतात. दोन शेजारी शेजारी, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा एक. त्या मोकळ्या जागेतला दात कधी पडला होता, तेही आठवलं.

दुसरीत होतीस तू. गणितं करताना पेन्सिल चावायचीस आणि मी एकदा जोरात ओरडले होते, ‘शिसं असतं त्यात, विष असतं, पोटात गेलं म्हणजे?’ तू पेन्सिल खाली ठेवलीस, काही बोलली नाहीस. रात्री मात्र अंथरुणात उठून बसलीस आणि विचारलंस, ‘आई, मी आता मरणार का?’ मी ‘नाही गं, झोप’ म्हणत थोपटत राहिले. का नाही मरणार, ते सांगितलं नाही. सांगणार कशी? मलाच ठाऊक नव्हतं. तू किती वेळ जागी होतीस कोण जाणे.

तर आज सांगते. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. कधीच नव्हतं. त्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल नावाच्या दरीत एक काळा, मऊ, हाताला लागणारा पदार्थ जमिनीत सापडला. लोकांना वाटलं, हा शिशाचाच एखादा प्रकार असणार. नावही तसंच पडलं. पुढे 1779 मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की हा कार्बन आहे, शिशाशी त्याचं काही नातं नाही. दहा वर्षांनी त्याला ‘ग्रॅफाइट’ हे नाव मिळालं, ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पण तोवर चूक भाषेत मुरून गेली होती. आपण शिसपेन्सिल म्हणतो, जर्मन माणूस ‘ब्लायश्टिफ्ट’ म्हणतो, म्हणजे पुन्हा शिशाचीच कांडी. अडीचशे वर्षांपूर्वी सुधारलेली चूक मी त्या दिवशी तुझ्यावर ओरडून सांगत होते.

चिकणमातीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध पेटलं आणि ब्रिटनमधून येणारं चांगलं ग्रॅफाइट बंद झालं. मग 1795 मध्ये निकोला-झाक काँते यानं हलक्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळून, तिच्या कांड्या करून भट्टीत भाजल्या. माती जास्त घातली की कांडी कठीण आणि रेघ फिकट. माती कमी केली की कांडी मऊ, रेघ गडद. तुझ्या कंपासपेटीतल्या एचबी आणि टूबीमधला फरक तो एवढाच. अजूनही पेन्सिली साधारण याच रीतीनं बनतात.

हे वाचल्यापासून मला चैन पडेना. तुझ्या लहानपणी दिवसाला पन्नास ‘का’ यायचे आणि मी हातातलं काम न सोडता जे तोंडाला येईल ते सांगायची. त्यातलं खरं किती होतं? म्हणून गेले पंधरा दिवस आठवेल ते एकेक लिहून काढते आहे आणि शोधून वाचते आहे. पत्र त्याचसाठी. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही.

बोटं मोडण्याचं घे. ‘कडाकडा बोटं मोडू नकोस, म्हातारपणी सांधे धरतील’ हे मी तुला सांगितलं, मला माझ्या आईनं सांगितलं होतं. अमेरिकेत डोनाल्ड अंगर नावाच्या एका डॉक्टरलाही लहानपणी त्याच्या आईनं आणि मावश्यांनी हेच सांगितलं. त्यानं काय केलं असेल? पन्नास वर्षं रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. म्हणजे डाव्या हाताची बोटं कमीत कमी 36,500 वेळा मोडली. शेवटी दोन्ही हात तपासले, तर संधिवात ना याला, ना त्याला. 1998 मध्ये त्यानं हे छापलं आणि 2009 मध्ये त्याला इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. एका माणसाच्या दोन हातांवरून निकाल लागत नाही हे मलाही कळतं, पण नंतर पुष्कळ लोकांच्या हातांची तुलना केली तेव्हाही बोटं मोडण्याचा आणि संधिवाताचा संबंध दिसला नाही. आवाज हाडांचा नसतोच. सांध्यात वंगणासारखं पातळ द्रव असतं. बोट ओढलं की आतला दाब एकदम कमी होतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. म्हणूनच एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. तेव्हा खुशाल मोड. कुणाच्या नावानं मात्र मोडू नकोस.

पाण्यात खेळून बोटं सुरकुतली की तू घाबरून दाखवायला यायचीस. ‘पाणी आत शिरलं, होईल बरं’ असं मी म्हणायची. तेही चूक. पाणी नुसतं मुरून ते होत नाही. मज्जातंतूंच्या सांगण्यावरून बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. बोटाचा मज्जातंतू तुटला असेल तर ते बोट पाण्यात कितीही वेळ ठेवलं तरी सुरकुतत नाही, आणि डॉक्टर याचा उपयोग तपासणीसाठी करतात. शरीर हे का करतं, यावर अजून वाद आहे. 2013 मध्ये एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या भराभर उचलता आल्या, पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात तसा फरक दिसला नाही.

पायाला मुंग्या आल्या की ‘रक्त थांबलंय’ म्हणायची, ते मात्र अर्धवट का होईना, खरं निघालं. मांडी घालून बसल्यावर मज्जातंतू दाबला जातो, त्याचा रक्तपुरवठाही कमी होतो आणि त्याचे निरोप अडतात. दाब सुटला की तो वेडेवाकडे निरोप धाडायला लागतो. यात मला भावला तो आपला शब्द. अंगावर काहीतरी सरपटल्यासारखं वाटण्याला वैद्यकात ‘फॉर्मिकेशन’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘फॉर्मिका’ म्हणजे मुंगी! एकमेकांशी कधी न बोललेल्या माणसांना त्या झिणझिण्यांत मुंग्याच दिसल्या.

आणि एका बाबतीत तर तूच बरोबर होतीस. चौथीत असताना तू म्हणाली होतीस, ‘आई, मी घड्याळाकडे बघितलं की सेकंदकाटा आधी थांबतो, मग चालायला लागतो.’ मी म्हटलं, ‘काहीतरीच काय.’ अगं, हे खरं आहे, आणि यावर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेव्हा मधल्या क्षणात डोळ्यांवर नुसता फराटा उमटायला हवा. मेंदू तो आपल्याला जाणवू देत नाही. ती फट तो उडीनंतर दिसलेल्या चित्रानं भरून काढतो, जणू काही ते आधीपासूनच समोर होतं. त्यामुळे पहिला सेकंद लांबल्यासारखा वाटतो. खात्री करायची तर आरशासमोर उभी राहा आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघ. आपले डोळे हलताना तुला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला दिसतील. मी आणि बाबा परवा दहा मिनिटं आळीपाळीनं हेच करत होतो. नऊ वर्षांच्या मुलीनं जे पाहिलं, ते मी पन्नाशीत पाहिलं. तेव्हाच तुझ्याबरोबर घड्याळासमोर उभी राहिले असते तर?

आता चंद्र. रात्रीच्या बसमध्ये तू माझ्या मांडीवर होतीस, खिडकीच्या काचेला नाक लावून. ‘चांदोबा आपल्याबरोबर का येतो?’ मी म्हटलं, ‘तू त्याला आवडतेस म्हणून.’ हे उत्तर मला खोडायचं नाही, पण दुसरंही तुझ्याकडे असू दे. झाडं जवळ असतात, म्हणून बस थोडी पुढे गेली तरी ती भर्रकन मागे पडतात. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर. आपण 100 किलोमीटर प्रवास केला, तरी त्यामुळे त्याची दिशा एका अंशाच्या साठाव्या भागाइतकीही बदलत नाही. डोळ्यांना तो तिथेच दिसतो, आणि सगळं मागे जात असताना जो मागे जात नाही, तो बरोबर येतोय असं वाटतं.

पण तो खरं तर लांब जातो आहे. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 मधून गेलेल्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी तिथे परावर्तकांची एक चौकट ठेवली. पृथ्वीवरून तिच्यावर लेसरचा झोत सोडतात. तो अडीच सेकंदांत परत येतो आणि त्या वेळेवरून अंतर मोजतात. त्यातून कळलं की चंद्र दर वर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो. कारण भरती-ओहोटी. चंद्राच्या ओढीनं समुद्राला फुगवटा येतो, आणि पृथ्वी चंद्रापेक्षा भराभर फिरत असल्यामुळे तो फुगवटा थोडा पुढे ढकलला जातो. त्या पुढे गेलेल्या पाण्याची ओढ चंद्राला पुढे खेचते आणि त्याची कक्षा रुंदावत जाते. त्याची किंमत पृथ्वी मोजते. ती हळू होते, शंभर वर्षांत दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो.

वर्षाला 3.8 सेंटिमीटर म्हणजे किती? जवळपास बोटांची नखं वाढतात तेवढं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. तुझी नखं मी पहिल्यांदा कापली तेव्हा तू तीन आठवड्यांची होतीस. कागदासारखी पातळ, इतकी मऊ की कात्रीला लागतच नव्हती. तू झोपलीस की एकेक बोट उघडून कापायची, आणि मूठ पुन्हा मिटायची. तेव्हापासून वीस वर्षं झाली. त्या हिशेबानं चंद्र 76 सेंटिमीटर लांब गेला. तू सरळ उभी राहिलीस तर तुझ्या कमरेपर्यंतही येणार नाही, एवढं. आजही तू फोनवर दमलेली वाटलीस की मला ती मिटलेली मूठच आठवते.

शंखातला समुद्र राहिला. तो समुद्र नसतो, आणि कुठेतरी वाचलं होतं तसा रक्ताचा आवाजही नसतो. आजूबाजूचे बारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात. रिकामा पेला कानाशी धरलास तरी ऐकू येईल.

शेवटची दुरुस्ती डोळ्याची. एक डोळा हातानं झाकून तू विचारलं होतंस, ‘एकाच डोळ्यानं बघितलं तर काही दिसायचं राहतं का?’ ‘काही राहत नाही, एका डोळ्यालाही समोरचं सगळं दिसतं,’ असं मी ठामपणे सांगितलं होतं. राहतं गं. डोळ्यातून मज्जातंतूंचा जुडगा जिथून मेंदूकडे निघतो, तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. तेवढ्या भागावर पडलेलं आपल्याला दिसत नाही. सतराव्या शतकात एद्म मारियोत या फ्रेंच माणसानं हे शोधून काढलं. ऑक्टोपसच्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या मागून निघतात, म्हणून त्याला ही अडचण नाही. आपल्याला ती जन्मभर असते आणि पत्ता लागत नाही, कारण तिथे मेंदू आजूबाजूचंच चित्र पसरवून टाकतो.

या पत्राच्या पाठीमागे डावीकडे एक फुली काढली आहे आणि तिच्या उजवीकडे सात सेंटिमीटरवर एक गोल ठिपका. डावा डोळा झाक. उजव्या डोळ्यानं फुलीकडे बघ, ठिपक्याकडे नजर वळवायची नाही. कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आण. एका ठिकाणी ठिपका नाहीसा होईल आणि तिथे नुसता कोरा कागद दिसेल. आणखी जवळ आणलास की परत येईल. नाहीसा होतो तेव्हा कागद डोळ्यांपासून किती लांब आहे ते पट्टीनं मोज. माझं 27 सेंटिमीटर भरलं, बाबांचं 25. तुझं कळव.

ठिपका तुझ्याच त्या पेन्सिलीनं काढला आहे. टोक अजून चांगलं उमटतं.

तुझी आई