आठ मोटारी आणि पाच हाउसिंग

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, चार चाकांना आठ मोटारी कशाला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एक मोटार चाक फिरवते, दुसरी तेच चाक उभ्या अक्षाभोवती वळवते. त्यामुळे स्पर्धेतला रोबो तोंड न वळवता आडवा, तिरका कसाही सरकतो. एका चाकाच्या या सगळ्या जोडणीला मॉड्यूल म्हणतात. मोटारीचे मिनिटाला ६००० फेरे ६.७५ पट कमी केले की १०० मिमीच्या चाकाला सेकंदाला साडेचार मीटरच्या पुढे वेग मिळतो, अर्थात बिनभाराचा.

तुमच्याकडून हाउसिंग, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणारी घरं, हवीत. चार लागतील, पाचवं राखीव. त्यात ६८१० बेअरिंग बसतं: आत ५०, बाहेर ६५, रुंदी ७ मिमी. बोअर, म्हणजे भोक, ६५ एच७: मापात सूट शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. ॲल्युमिनियम २० अंशांनी तापलं तर हे भोक तेवढ्या ३० मायक्रॉननीच मोठं होतं, म्हणून शेवटच्या कटाआधी जॉब पूर्ण गार होऊ द्या. भिंत पातळ आहे. तीन जबड्यांच्या चकात आवळून बोअर केलं तर सोडल्यावर भोक तिकोनी होतं, आणि दोन टोकांच्या बोअर गेजला ते दिसतही नाही. फेसप्लेटवर क्लॅम्प लावून धरलंत तर उत्तम. भोक घट्ट झालं की पातळ कडीच्या बेअरिंगमधली फट जाते आणि चाक वळायला जड होतं. सैल झालं की चाक डुलतं.

हे डुलणं मला सगळ्यात जास्त खुपतं. एक चाक बाकीच्या तिघांपेक्षा २ अंश तिरकं राहिलं, तर दर मीटरला ते साडेतीन सेंटिमीटर आडवं ओढलं जातं. रबर झिजतं, बॅटरी उगाच खर्च होते, आणि मोजलेलं अंतर खोटं ठरतं. प्रोग्रॅम कितीही चांगला लिहा, लोखंडातला खेळ त्याने भरून निघत नाही.

बेव्हल गिअर, म्हणजे उभ्या शाफ्टचं फिरणं आडव्या चाकाच्या अक्षाला देणारे शंकूसारखे गिअर, ईएन ३५३ पोलादाचे आहेत, उद्यमनगरात हार्डनिंग करून घ्या. मधल्या उभ्या शाफ्टवर १५ दातांचा, चाकावर ४५ चा. जुळवताना ०.१ मिमीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालत जा आणि निळा रंग लावून दातांवरचा ठसा बघा; तो दाताच्या मधोमध यायला हवा. फट फार कमी ठेवली तर गिअर तापून ओरडतात, जास्त ठेवली तर दिशा उलटताना दरवेळी दात आपटतात.

आई, आता तुझं गणित. रोबोचा वेग (क, ख) आणि फिरकी फ असेल, तर मध्यापासून (य, र) वर असलेल्या चाकाचा वेग (क − फ·र, ख + फ·य). त्यावरून कोन आणि गती निघते. चारांपैकी एकाची गती मोटारीच्या आवाक्याबाहेर गेली, तर चारही एकाच प्रमाणात कमी करायच्या. एकटीच कापली तर रोबोची वाट वाकते. शिवाय चाक ९० अंशांपेक्षा जास्त वळवायचंच नाही: १७० अंश हवे असतील तर उलट्या बाजूला १० वळवून चाक उलटं फिरवायचं.

एक गोष्ट नेहमी निसटते. चाक फिरवणारी मोटार थांबवून मॉड्यूलला पूर्ण फेरा दिला, तर चाकाचा बेव्हल मधल्या गिअरवरून लोळतो आणि चाक एक तृतीयांश फेरा फिरतं. १०० मिमीच्या चाकाला हे जवळजवळ १०५ मिमी. मोटारीचे फेरे मोजणारा एन्कोडर मात्र शून्यच दाखवतो, म्हणून ही वजाबेरीज प्रोग्रॅममध्ये करावी लागते. चिन्ह कुठलं, ते तू कागदावर गिअर काढून बघ आणि मला कळव. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर मी निर्धास्त.

बाबा, दिवसाला एकाहून जास्त हाउसिंग करू नका, मान अवघडते तुमची. बोअरची मापं प्रत्येकावर पेनने लिहा, म्हणजे कुठलं बेअरिंग कुठे ते मला जुळवता येईल.

तुमची लेक