शेवटचं गाणं संपेपर्यंत दिवे लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातल्या चित्रपटगृहचालकांना एक विनंती करायची आहे, आणि थोडी प्रेक्षकांनाही, म्हणून हे पत्र. पडद्यावर नावं सरकायला लागली की जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडचा ॲनिमेशन चित्रपट संपला असं आपण धरतो. तो तिथं संपत नाही. नावांवर जे गाणं वाजतं ते त्या चित्रपटाचाच भाग असतं, बऱ्याचदा त्याच्यासाठीच रचलेलं असतं. ते मधेच तोडू नका.

'डेमन स्लेयर' या ॲनिमे मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट सप्टेंबर 2025मध्ये भारतात लागला. मूळ जपानीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही. मी जुळे सोलापुरात गायन-हार्मोनियमचे वर्ग घेते. वर्गातली बरीच मुलं या मालिकेची भक्त आहेत. त्यांच्याबरोबर मीही गेले, आणि त्यांना सोबत म्हणून नव्हे, मला स्वतःला पाहायचा होता म्हणून. अडीच तासांहून मोठा चित्रपट, पण आमच्या ओळीत एकाचाही मोबाईल उजळला नाही. युकी काजिउरा आणि गो शीना या दोघांचं संगीत आहे. दबक्या, खर्जातल्या तारवाद्यांवर तालवाद्यं चढत जातात तेव्हा खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या बोटांना त्याची थरथर कळते. शेवटी पडदा काळा झाला, नावं सुरू झाली, गाणं लागलं. ओळ-दीड ओळ झाली असेल, तेवढ्यात भसकन दिवे लागले आणि आवाज बंद. बाजूचं दार उघडून दोघं जण झाडू घेऊन आत आले.

"ओ ताई, गाणं लागलतं की! बंद का केलं?" माझी आठवीतली विद्यार्थिनी विचारत होती. आमच्या पुढच्या दोन रांगांतली कॉलेजची पोरं अजून बसूनच होती, पडद्याकडे बघत.

बाहेर व्यवस्थापकांना विचारलं. माणूस सभ्य होता. म्हणाले, "पुढचा शो लावायचाय मॅडम, झाडून घ्यावं लागतं. गाणं यूट्यूबवर हाय की, तिथं ऐका." त्यांची अडचण खोटी नाही. पण गाणं कुठं तरी मिळतं म्हणून ते इथं ऐकवायचं नाही, हे मला पटलं नाही. चित्रपटाची जी लांबी जाहीर होते तीत ही नामावलीही धरलेली असते. आम्ही तिकीट त्या सगळ्याचं काढलेलं असतं. आणि या चित्रपटासाठी ऐमेर आणि लिसा या दोन गायिकांनी मुद्दाम दोन गाणी गायली आहेत. मोठ्या पडद्यासमोर, अंधारात, चांगल्या स्पीकरवर ऐकायला ती केलेली आहेत. मोबाईलला खालचा स्वर पेलतच नाही. जिथं खर्ज हवा तिथं नुसती चिरचिर ऐकू येते.

ॲनिमे न पाहणाऱ्या वाचकांना वाटेल, एका गाण्यासाठी एवढं काय. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

'डेमन स्लेयर' ही मालिका 2019मध्ये सुरू झाली. तिचा एकोणिसावा भाग चाहत्यांत सर्वांत जास्त बोलला जातो. लढाई ऐन रंगात आलेली असताना गो शीना यांनी रचलेलं एक गाणं सुरू होतं. नामी नाकागावा यांचा आवाज आहे. एरवी लढाईच्या प्रसंगात जो दणदणाट असतो तो इथं नाही. आवाज आधी हळू, जवळजवळ एकटा, आणि मग वाद्यं भरत जातात. त्याच गाण्यावर नावं सरकू लागतात आणि प्रसंग मात्र अजून चालूच असतो. नावं आली म्हणून जो उठला, त्याचा त्या भागातला कळसच हुकला. त्यानंतरचा चित्रपट 'मुगेन ट्रेन' 2020चा. जपानमध्ये कमाईचे सगळे जुने विक्रम त्याने मोडले. त्याच्या शेवटी लिसाचं 'होमुरा' येतं. चाल काजिउरांची, शब्द दोघींचे. त्या वर्षीचा जपानचा मानाचा रेकॉर्ड पुरस्कार या गाण्याला मिळाला. चित्रपटात एक मोठं माणूस गेलेलं असतं, आणि पाहणाऱ्याला त्या दुःखातून बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ते गाणं चालतं. दिवे लावून माणसांना दाराकडे लोटलं तर तो वेळ कुठून आणायचा?

मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेलं शेवटचं गाणं मात्र 'स्पिरिटेड अवे'चं. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 2001चा ॲनिमे चित्रपट, ज्याला पुढे ऑस्कर मिळालं. त्याचं पार्श्वसंगीत जो हिसाइशींचं, पण शेवटचं गाणं त्यांचं नाही. ते यूमी किमुरा यांनी रचलं, त्याच गायल्या, आणि साथीला लायर नावाचं छोटं तंतुवाद्यही स्वतःच छेडलं. ऑर्केस्ट्रा नाही, काही नाही. गंमत म्हणजे मुळात हे गाणं मियाझाकींच्या दुसऱ्याच एका चित्रपटासाठी होतं. तो चित्रपट झालाच नाही, गाणं मात्र राहिलं आणि इथं येऊन बसलं.

हे गाणं मी वर्गात शिकवते. तीन-तीन मात्रांची चाल आहे, त्यामुळे दादऱ्याच्या ठेक्यात आपसूक बसते. सुरुवात अगदी सरळ: सा, रे, ग, पुन्हा सा, आणि तिथून एकदम पंचमावर झेप. नवशिक्या मुलांचं बोट त्या झेपेत हमखास चुकतं, मधल्या मध्यमावर पडतं. मग मी भाता हलका ठेवायला लावते, कारण जोरात हवा भरली की पंचम किंचाळतो आणि गाण्यातला सगळा निवांतपणा जातो. अलंकार घोकायचा कंटाळा करणारी मुलं या एका झेपेसाठी तेच स्वर पुन:पुन्हा वाजवत बसतात. पालकांनी विचारलं, "हे कसलं गाणं शिकवताय?" तर मी त्यांनाही बसवून पूर्ण ऐकवते. ऐकल्यावर तक्रार घेऊन कुणी परत आलेलं नाही.

आपल्या कानाला हे संगीत परकं वाटत नाही याला कारणही आहे. जपानमधल्या कितीतरी लोकप्रिय चाली मध्यम आणि निषाद वगळून बांधलेल्या असतात. उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचेच स्वर. कोतो आणि शामिसेन ही त्यांची जुनी तंतुवाद्यं, त्यांच्या संगीतातली एक स्वरपंक्ती कोमल रिषभ आणि कोमल धैवत घेते, गंधार-निषाद सोडते. तेच आपल्या गुणकलीचे स्वर. राग म्हणून त्यांची चलन वेगळी, ते आपल्यासारखं आलाप-मींडीने फुलवत नाहीत, पण ओळख लगेच पटते. 'नारुतो' या ॲनिमे मालिकेत संगीतकार तोशिओ मासुदांनी असल्या जुन्या वाद्यांना इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी बसवलंय. आमच्या वर्गात बासरी शिकणारा एक मुलगा त्यातला शाकुहाचीचा तुकडा ऐकून ऐकून बासरीवर काढतो. शाकुहाचीही बांबूचीच, पण पाच छिद्रांची आणि उभी धरून वाजवायची, त्यामुळे तिची फुंकेची घरघर बासरीत आणताना त्याचा घाम निघतो.

रविवारी वर्ग सुटल्यावर आमच्याकडे ऐकण्याची बैठक असते. वर्गातली मुलं असतातच. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली पूर्व भागातली एक मुलगी येते. ती घरी तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी, आणि जपानी गाणी शब्द न चुकता म्हणते. ती एंडिंगची, म्हणजे भागाच्या शेवटी नावांवर वाजणाऱ्या गाण्यांची वही ठेवते: मालिका, गायिका, कोणत्या भागात गाणं बदललं, सगळं बारीक अक्षरात. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक काका येतात, लगीनसराई नसेल तेव्हा. त्यांना गोष्टींमध्ये फारसा रस नाही. ते येतात 'काउबॉय बीबॉप'साठी. 1998ची मालिका, योको कान्नो आणि त्यांच्या सीटबेल्ट्स या बँडचं संगीत. सुरुवातीचं 'टँक!' लावलं की आधी ब्रासचे ठोके येतात, मग बेस आणि बोंगो. काका डोळे मिटून उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर दाबत असतात, ट्रम्पेटच्या तीन कळा असल्यासारखी. पहिल्यांदा ऐकून झालं तेव्हा म्हणाले, "परत लावा ताई. हे वाजवणारे दमाचे हैत." टीव्हीवर ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या गाण्याला, जेमतेम दीड मिनिट मिळतं, म्हणून गाणं कापून लहान केलेलं असतं. पूर्ण गाणं त्याच्या दुपटीहून मोठं. ते पूर्ण ऐकवलं तेव्हा शेवटचा सॅक्सोफोन ऐकून काकांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि पुन्हा तेच म्हणाले.

याच मालिकेत माई यामाने यांचं एक एंडिंग जवळपास प्रत्येक भागाला आहे. अगदी शेवटच्या भागाला मात्र ते नाही, त्याच गायिकेचं दुसरंच गाणं येतं. सगळे भाग पाहताना ज्यांनी एंडिंग ऐकलंय त्यांनाच तो बदल लागतो. ज्यांनी दर वेळी 'पुढचा भाग'चं बटण दाबलं त्यांना तिथं काही वेगळं घडलं हेसुद्धा कळत नाही. माझी प्रेक्षकांना विनंती आहे ती एवढ्यासाठीच. घरी रिमोट आपल्याच हातात असतो.

हे वेड आजकालच्या पोरांचं आहे असंही समजू नये. आमच्या पिढीने दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली पाहिला. ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. हिंदीसाठी गुलजारांनी शब्द लिहिले, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. ते गाणं लागायच्या आत आम्ही टीव्हीसमोर असायचो, कारण गाणं हुकलं तर अर्धा आनंद गेला. आज त्या वयाच्या माणसांना कथा कितपत आठवते माहीत नाही, पण गाणं कुणालाही अर्धं म्हणून दाखवा, उरलेलं तो स्वतः म्हणतो. जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्याबरोबर केलेलं ॲनिमेशनचं रामायण जानेवारी 2025मध्ये पुन्हा पडद्यावर आलं. त्यालाही वनराज भाटियांचं संगीत आहे.

आणि सोलापूरकरांना शेवटपर्यंत बसायचं कसं हे शिकवायला नको. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या मैफलीत रात्र कितीही होवो, भैरवी झाल्याशिवाय रसिक उठत नाही, आणि भैरवी चालू असताना सभागृहाचे दिवे लावायची कुणाची छाती होणार नाही. तोच मान या गाण्याला मिळावा एवढंच मागणं आहे.

आता व्यवहाराचं. दोन खेळांच्या मध्ये वेळ कमी पडत असेल तर ॲनिमे चित्रपटांपुरती ती फट थोडी वाढवावी. मुख्य दिवे न लावता पायऱ्यांचे बारीक दिवे लावले तरी ज्यांना जायचंय ते नीट जाऊ शकतात. शक्य असेल तर दिवसातला एक खेळ मूळ जपानी आवाजात ठेवावा. हिंदी डबला माझा विरोध नाही, माझ्या वर्गातल्या लहानांना तोच समजतो. पण मूळ आवाजासाठी पोरांना पुण्याची गाडी पकडावी लागू नये. आपल्या दैनिकालाही एक सुचवते. चित्रपटाच्या परीक्षणात संगीतकार आणि गायिकेचं नाव छापत चला. काजिउरा, हिसाइशी, कान्नो ही नावं आमच्या बैठकीतल्या मुलांच्या तोंडी आहेत. ती पेपरात दिसली तर घरातली मोठी माणसंही विचारतील, हे कोण म्हणून.

'इन्फिनिटी कॅसल' तीन चित्रपटांतला पहिला आहे. दुसरा येईल तेव्हा आम्ही पुन्हा सगळे मिळून जाणार आहोत. त्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना मी तिकीट काढतानाच सांगेन की आमची रांग गाणं संपेपर्यंत बसणार आहे. झाडण्याचा वेळ वाचावा म्हणून आमच्या खुर्च्यांखालचे पॉपकॉर्नचे डबे आणि बाटल्या आम्ही स्वतः उचलून बाहेरच्या पेटीत टाकू. इतर चाहत्यांनीही असंच करावं, म्हणजे त्यांचा पुढचा शो वेळेवर लागेल आणि आमचं गाणं पूर्ण होईल.

आपली,
एक गायन-शिक्षिका,
जुळे सोलापूर