गोळीची वेळ राउंडच्या वेळेला बांधू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. लेव्होडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा: सहा, दहा, दोन, सहा, दहा. मनगटावरच्या घड्याळात गजर लावलेला असतो. गोळी लांबली की आधी पाय जमिनीला चिकटतात, मग कूस बदलता येत नाही, घास गिळता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडून ते एका सरकारी रुग्णालयात दाखल झाले. पहिल्याच दिवशी सिस्टरनी गोळ्यांचा डबा काढून घेतला. "काका, वॉर्डात घरची औषधं चालत नाहीत." मग सकाळी सहाची गोळी नऊच्या राउंडला, तीही दूध-अंड्यावर. प्रथिनांसोबत ही गोळी नीट लागू पडत नाही, हे बाबांना पाठ आहे. गजर वाजायचा, ते बंद करायचे आणि सिस्टरांच्या टेबलाकडे बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी तर गजर बंद करायलाही हात उचलेना.

सिस्टरांवर माझा राग नाही. एवढ्या खाटांमागे दोघीजणी, त्यांनी कुणाकुणाचं घड्याळ सांभाळायचं? पण ज्या माणसाच्या हाती वॉर्डात एक गोळी देववत नव्हती, त्यालाच डिस्चार्जच्या दिवशी पिशवीभर औषधं देऊन "वेळेवर घ्या हं काका" म्हणून घरी धाडलं!

ब्रिटनमध्ये लेव्होडोपा ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळावी, असा नाइस या तिथल्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेचा दंडक आहे. तिथल्या अनेक रुग्णालयांत तपासणी करून रुग्णाला स्वतःची औषधं स्वतः घेऊ देतात. आपल्याकडे हे जमण्याजोगं आहे. दाखल होताना डॉक्टर आणि फार्मासिस्टनी गोळ्या तपासाव्यात, रुग्ण भानावर आहे ना हे पाहावं, त्याची लेखी संमती घ्यावी. खाटेशेजारी कुलपाचा खण हवा, कारण शेजारच्या खाटेवरच्यानं चुकून गोळी उचलली तर सगळंच अंगाशी येईल. घेतलेली गोळी रुग्णानं कागदावर मांडावी, सिस्टरनी राउंडला मोजावी. ऑपरेशननंतर गुंगी असेल तेवढे दिवस किल्ली सिस्टरांकडे. मॉर्फिनसारखी औषधं यातून वगळावीत. इन्सुलिन वर्षानुवर्षं स्वतः टोचून घेणाऱ्यांनाही हीच मुभा द्यावी.

सुरुवात एका जिल्हा रुग्णालयाच्या एका वॉर्डापासून करा. आणि परिपत्रक निघालंच, तर वैद्यकीय शिक्षण खात्यालाही प्रत पाठवा. मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं त्यांच्याकडे आहेत, आणि खातं बदललं म्हणून गोळीची वेळ बदलत नाही.

आपली,
एका पार्किन्सन्स रुग्णाची मुलगी