घरी केलेले बारा बाण

मॅडिसन, विस्कॉन्सिन
२४ ऑगस्ट

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तयार बाण विकत मिळत असताना मी रात्री जागून ते घरी का करतो, असे तू विचारलेस. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली आणि ते योग्यच झाले. इथे मात्र १९३४ पासून हरणांसाठी धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम असतो आणि यंदाचा आता तीन आठवड्यांवर आला आहे.

माझ्या बाणांच्या काड्या पोर्ट ऑरफर्ड सीडरच्या आहेत. हे झाड ऑरेगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि लगतच्या कॅलिफोर्नियात वाढते, आणि त्याच्या काडीचे टोक तासू लागले की आल्यासारखा तिखट वास खोलीभर पसरतो. खरे काम मात्र काडीचा ताठपणा मोजण्याचे. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर काडी आडवी ठेवून मधोमध २ पौंडांचे वजन टांगायचे. ती अर्धा इंच लवली, तर २६ ला अर्ध्याने भागून तिचा ताठपणा ५२ पौंड धरायचा. दोरी ओढायला ४५ पौंडांचा जोर लागणाऱ्या माझ्या धनुष्याला ५० ते ५५ च्या काड्या मानवतात. सुटलेला बाण धनुष्याला वळसा घालताना पोहणाऱ्या माशासारखा वाकतो आणि मगच सावरतो, त्यामुळे माझ्यासारख्या उजव्या हाताच्या माणसाचा फार ताठ बाण डावीकडे जातो आणि फार लवचीक बाण उजवीकडे.

गेल्या वर्षी एका दुकानातून सारख्या ताठपणाच्या म्हणून आणलेल्या डझनभर काड्या मी न मोजताच वापरल्या. सरावाच्या वेळी वीस यार्डांवरून त्यांतले चार बाण नेमापासून वीतभर बाजूला लागले. तिथे हरीण असते, तर बाण फुप्फुसाऐवजी पोटात शिरला असता आणि ते मुके जनावर तासन्‌तास तडफडत राहिले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक काडी मी स्वतः मोजतो.

पिसे टर्कीच्या पंखांची. एका बाणाला तीनही पिसे एकाच बाजूच्या पंखाची लागतात, कारण डाव्या आणि उजव्या पंखांच्या पिसांची वळणे उलट असतात आणि ती मिसळली तर बाण धड फिरत नाही. जिगमध्ये, म्हणजे पीस जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात, एक पीस चिकटायला वीस मिनिटे, म्हणजे बारा बाणांच्या छत्तीस पिसांना पुरे बारा तास! पिसाच्या कण्याचे पुढचे टोक घासून त्यावर गोंदाचा थेंब देण्यास मी विसरत नाही, नाहीतर बाण सुटताना तेच टोक हातात घुसते. दोरी अडकवायची मागची खाच बसवताना तिची चीर लाकडाच्या थरांना काटकोनात ठेवतो, म्हणजे काडीची ताठ बाजू धनुष्याकडे येते. बाणाच्या टोकाच्या फाळाला कानस मारून शेवटी चामड्यावर इतकी धार देतो की मनगटावरचे केस सहज उतरावेत.

आज नववा बाण जिगमध्ये आहे. पिसे लावण्याआधी प्रत्येक काडी एक डोळा मिटून टोकापासून पाहतो आणि बाक दिसला तर वाफेवर धरून तळहाताने सरळ करतो. असे पाहायला मला तुझ्या बाबांनी सावंतवाडीच्या त्यांच्या कारखान्यात, रंध्याच्या भुशात बसवून शिकवले होते. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि नव्या बाणांपैकी एक, फाळ न लावलेला, मी डिसेंबरात त्यांना दाखवायला घेऊन येत आहे, हेही सांग.

तुझा,
श्रीधर